पाळण्यातला वरवंटा

रविवारी आमच्या गावचं संग्रहालय सगळ्यांना खुलं होतं. कालवा आला तेव्हा या माळावर ज्यांनी पहिली घरं बांधली, त्यांच्या वस्तू तिथे आहेत. संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई लोकांना बैलगाडीतून आलेला एक सागवानी पाळणा दाखवत होत्या. बोलता बोलता त्यांनी तो हलवला.

"अगं पोरी, रिकामा पाळणा हलवू नये!" गर्दीतल्या एका आजींनी पाळणा धरला. शेजारच्या पाट्यावरचा वरवंटा एका हाताने उचलला आणि बारशाला बाळाशेजारी ठेवतात तसा आत ठेवला. "हं, आता हलव."

मी आजूबाजूच्या वस्तूंकडे पाहिलं. रांजणात पाणी नाही, कणगीत दाणा नाही. संग्रहालयात सगळं रिकामंच असायचं. आपण तर शेजारणीचा डबासुद्धा रिकामा परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो.

मग दिवसभर येणारा-जाणारा पाळण्याला झोका देऊन जात होता.

संध्याकाळी बंद करताना बाईंनी आधी पाळणा थांबवला. मग वरवंटा बाहेर काढला, तो दोन्ही हातांनी, खालून आधार देत.