कोडीचे बूट

डोरीन क्लिंगमनचं डोकं फिरलं होतं. तसं ते कोर्टात हात वर करून शपथ घेतल्यापासून फिरलेलंच होतं, पण त्या आठवड्यात जरा जास्तच.

उभी हयात तिने अमेरिकेत, ओहायोतल्या आपल्या कौंटीत, म्हणजे जिल्ह्यात, शाळेची पिवळी बस चालवली. निम्म्या गावाची पोरं तिच्या ओरड्यावर मोठी झाली. कोण उपाशी आलंय, कोणाच्या अंगाला हात लावला की ते दचकतं, हे तिला वरच्या आरशात दिसायचं आणि करता काही यायचं नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर तिने हे काम पत्करलं. मार खाल्लेल्या, टाकून दिलेल्या पोरांचा खटला चालतो, तेव्हा जज्ज गावातलाच एखादा साधा माणूस नेमतात. पगार नाही, पाणी नाही. त्याने पोराला भेटत राहायचं, सगळ्यांशी बोलायचं आणि पोराच्या भल्याचं काय ते कोर्टात सांगायचं.

"म्हणजे फुकटात भांडायचं," तिचा नवरा लॉइड म्हणाला होता. "तुला जमेल."

भांडायची तयारी होतीच हो! पण पहिल्याच दिवशी नियम सांगितला: पोराला स्वतःच्या गाडीत बसवायचं नाही. डोरीनला आधी वाटलं, चेष्टाच करतायत. याच कौंटीने इतकी वर्षं आपली पोरं तिच्या बसमध्ये कोंबली, बर्फात, धुक्यात, आणि आता एक मुलगी चार मैलांवर नेली तर आभाळ कोसळणार होतं!

ती मुलगी म्हणजे मार्नी, नऊ वर्षांची. तिचा भाऊ कोडी, तीन वर्षांचा. आईचा मित्र रिक दोघांना बडवायचा आणि आई टीव्हीचा आवाज वाढवायची. पोरं सरकारने काढून घेतली, आईचा हक्कही कोर्टाने काढला. पण दोघांना एकत्र ठेवील असं घर मिळेना, म्हणून मार्नीला गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे ठेवलं आणि कोडीला गावाबाहेर, आर्लीस आणि ड्वेन नॅफ्झिगरच्या शेतावर. नॅफ्झिगर जोडप्याला मूलबाळ नव्हतं. कोडीचा त्यांना लळा लागला आणि त्यांनी त्याला दत्तक मागितलं. एकट्याला.

भावंडांची दर पंधरवड्याला भेट घडवायची, असा कोर्टाचा हुकूम होता. हुकूम काय, कोणीही काढावा. कधी ड्रायव्हर आजारी, कधी गाडी दुसरीकडे, कधी पोरांचं काम बघणारी बाईच नोकरी सोडून गेलेली. उन्हाळ्यापासून भेट झाली एकदा. एकदाच!

तीही काय भेट म्हणायची. सरकारी कचेरीतली खोली, दार बंद, कोपऱ्यात नवी कर्मचारी हेली वही घेऊन बसलेली. कोडी आत आला. त्याने बहिणीला मिठी मारली नाही, हसला नाही, एक शब्द बोलला नाही. खाली बसून दोन्ही बूट काढले आणि मार्नीच्या मांडीवर ठेवले. मार्नीने ते त्याच्या पायात घातले, नाडीला दुहेरी गाठ मारली. तो दारापाशी जाऊन उभा राहिला. मग परत आला, बूट काढले, पुन्हा मांडीवर. तासभर हाच खेळ. शेवटी डोरीनचाही संयम सुटला.

"अरे कोडी, पुरे की ते बूट! ताईशी बोल जरा!"

आता सुनावणी तोंडावर आली, तेव्हा हेलीचा फोन आला. "मिसेस क्लिंगमन, आम्ही कोर्टात सांगणार आहोत की दोघांत विशेष ओढ दिसत नाही. कोडीला चांगलं घर मिळतंय. बहिणीसाठी ते कशाला अडवायचं?"

"ओढ दिसत नाही? अगं, भेटवलंत कधी, दिसायला?"

"भेट झाली ना. तो तासभर बुटांशी खेळत होता. तुम्हीच ओरडलात त्याला."

डोरीनने फोन आपटला आणि ती तणतणत मार्नीकडे गेली. म्हाताऱ्या बाईंच्या ओसरीवर मार्नी पायरीवर बसून चीजचं सँडविच खात होती, कडा आधी.

"बाळा, उद्या जज्जबाई विचारतील, कोडीला तुझी ओढ आहे का. मी काय सांगू?"

"आहे म्हणजे? तुमच्यासमोरच तर बूट देत होता, मिस डोरीन."

"दिले गं. पण त्याचं काय?"

मार्नीने खाणं थांबवलं. एवढ्या मोठ्या बाईला हेही कळत नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"रिकचा ट्रक आला की मी त्याला बूट घालायचे. मग मागच्या दाराने शेजारच्या गॅरेजमध्ये जायचो. आवाज केला तर रिकला कळायचं, म्हणून कोडी बोलायचा नाही. नुसते बूट आणून द्यायचा. बूट दिले म्हणजे, चल, मला ने इथून."

डोरीन तिच्या शेजारी पायरीवर बसली. "आणि त्या दिवशी तू घातलेस…"

"घातले ना. पण दार तुम्ही लोकांनी बंद केलं होतं."

दुसऱ्या दिवशी जज्ज पेटिग्रूबाईंसमोर हेलीने आपलं म्हणणं मांडलं. मग डोरीन उठली. रात्रभर घोकलेलं भाषण विसरली आणि बुटांची गोष्ट, मार्नीने सांगितली तशी, सांगून टाकली. शेवटी म्हणाली, "तो तिला विनवत होता, युअर ऑनर, आणि मी त्याच्यावर ओरडले. ओढ नाही म्हणताय? या जगात त्याला एकाच माणसाचा भरवसा आहे, आणि तिच्यापासून तुम्ही त्याला कायमचा तोडताय."

मागच्या बाकावरून आर्लीस नॅफ्झिगर उभी राहिली. कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"तो मलाही बूट आणून देतो," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी. ड्वेनचा ट्रक आवारात वळला की. मला वाटायचं, किती नीटनेटकं पोर! मी 'शहाणा गं माझा' म्हणायचे आणि बूट कपाटात ठेवून द्यायचे." तिने हात उंच करून दाखवला. "वरच्या फळीवर ठेवायचे. त्याचा हात पोचत नाही तिथे."

ड्वेन मांडीवरच्या टोपीकडे बघत राहिला.

"आम्हाला सांगितलं होतं, बहिणीशी त्याचं फारसं नाही," आर्लीस कशीबशी म्हणाली. "आम्ही दोघांनाही नेऊ. आम्हाला कोणी विचारलंच नाही."

जज्जबाईंनी दत्तकाचं प्रकरण थांबवलं आणि नॅफ्झिगरांच्या घराची दोघांसाठी तपासणी करायला सांगितलं. तोवर दर शनिवारी भेट, त्यांच्याच घरी. हेली उठली. "युअर ऑनर, वाहनाची सोय व्हायला थोडा वेळ…"

"चार मैल आहे!" डोरीन किंचाळली. "चार मैल! कोंबडीसुद्धा चालत जाईल!"

"खाली बसा, मिसेस क्लिंगमन," जज्जबाई म्हणाल्या. "मुलीला तुम्ही न्या. तसं आदेशात घालते. आता तरी बसा."

बाहेर मार्नी बाकावर पाय हलवत बसली होती. डोरीनने तिला काय ठरलं ते सांगितलं. मार्नीने दोनदा विचारून घेतलं, दोघं म्हणजे मी आणि कोडीच ना. मग आर्लीस तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"आज तो बूट घेऊन आला की मी काय करू?"

"घाला," मार्नी म्हणाली. "दोन गाठी मारा. मग त्याला घेऊन बाहेर जा, आणि थोडं बसा. कोणी येत नाही असं दिसलं की तो आपणच काढतो."

ड्वेन इतका वेळ टोपी हातात फिरवत मागे उभा होता. धिप्पाड गडी. "ट्रक मी आजपासून रस्त्यावरच लावतो," तो म्हणाला. "चालत येईन घरी."

मार्नीने त्याला खालपासून वरपर्यंत नीट बघून घेतलं.

"खोकत या," ती म्हणाली. "रिक खोकायचा नाही. म्हणजे कोडीला कळेल, तुम्ही आहात."

ड्वेन तिथेच, कोर्टाच्या व्हरांड्यात, खोकला. "असं?"

"जरा मोठ्यांदा," मार्नी म्हणाली.