मॅचिंगवाल्या काकूंची बँक

“आधी मॅचिंग पाहू, मंग फाडू,” असं म्हणत काकू गिऱ्हाइकाच्या साडीचा पदर उन्हात धरायच्या. आदिलाबादच्या बाजारात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यांचं ब्लाउजपीसचं दुकान होतं. सगळे त्यांना काकू म्हणत, मीही.

काका वारल्यावर काकूंचा मुलगा जवळच्या बोथ गावाहून आला. म्हणाला, “आई, तुले बँकेचं समजत नाही. खातं मी पाहत जाईन. ओटीपी आला का मले सांगत जाय.”

दुसऱ्या दिवशी काकू एक जुना लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आल्या. हैदराबादला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं त्यात घरखर्चाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. कुठं काय खर्च झाला ते बँकेकडून आपोआप घ्यायचं आणि नीट मांडून दाखवायचं, असं त्याचं काम. पण काकूंची बँक त्याला जोडलीच जाईना.

“मंग दुसरी बँक पाहू,” काकू म्हणाल्या.

आपण बँक निवडताना व्याज विचारतो. काकूंनी ते विचारलं नाही. बँकेला फोन लावला आणि तिकडची मुलगी तेलुगूत सुरू झाली की काकू हिंदीत शिरायच्या, “आपकी बँक का हमारे सॉफ्टवेअर से मॅचिंग होता क्या?” मुलगी क्रेडिट कार्डाचे फायदे सांगू लागे. “वो नक्को अम्मा, मॅचिंग बोलो!”

एका बँकेनं तर टाय लावलेला माणूसच पाठवला. “सब चलता है, मॅडम.” काकूंनी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला, “दिखाव.” बिचाऱ्यानं चारदा बटणं दाबून पाहिली. शेवटी म्हणाला, जोडता येणार नाही, खात्याच्या नोंदींची पीडीएफ मिळेल. काकूंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि मला म्हणाल्या, “पीडीएफ म्हणजे पाव्हण्याचा फोटो. पाव्हणा कुठी हाय?”

अखेर हैदराबादच्या मुलीनं एक ऑनलाइन बँक सुचवली. सॉफ्टवेअरला जोडली जाणारी, पण शाखा कुठंच नाही.

“मंग भांडायले कुठी जायचं?” काकूंना खरी काळजी ती. तरी थोडे पैसे टाकून खातं उघडलं. परीक्षा म्हणून समोरच्या ‘टाकीज टी स्टॉल’च्या चहावालीला फोनवरून चहाचे पैसे दिले आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. चहा संपला तेव्हा नोंद उमटली. सॉफ्टवेअरनं चहा ‘मनोरंजन’ या सदरात टाकला होता.

मी ते बदलायला हात पुढे केला, तर काकूंनी अडवला. “राहू द्या. काका गेल्यापासून त्या चहावालीपाशीच तर मी हसून राह्यली.”

पुढच्या वेळी मुलगा आला आणि ओटीपीचं पुन्हा काढलं. काकूंनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. किराणा, वीजबिल, औषधं, मनोरंजन. तो बराच वेळ वाचत राहिला. मग हळूच म्हणाला, “आई, माह्या बँकेचं जमन का यात?”

“जमते का पाहावं लागन,” काकू म्हणाल्या. “चहा पाजशीन तं पाहतो.”

गुडघे थकले तेव्हा त्यांनी दुकान आवरलं आणि मुलीकडे राहायला निघाल्या. गाडीवाला सामान लावत होता. काकू पुढच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर लॅपटॉप. “अम्मा, वो पीछे रख देता,” तो म्हणाला.

“काऊन?” काकूंनी लॅपटॉपवरून सीटबेल्ट ओढून घेतला. “चल तू.”