उकळलेल्या तारा

माझ्या हातात गिटार पाहिली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. हिला चारच तारा का? बाकीच्या तुटल्या का? पूर्वी मी समजावून सांगायचो, की ही बेस गिटार आहे, हिला चारच असतात, जाड असतात, हिचा आवाज वर येत नाही, गाण्याला खालून धरून ठेवतो. आता मी 'हो, तुटल्या' म्हणून मोकळा होतो. विचारणारा समाधानाने निघून जातो.

सुरतेत लिंबायतमध्ये आमच्या दोन खोल्या आहेत. मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना आहे, त्यामुळे आमच्या घरात आठवडाभर सगळेच मोठ्याने बोलतात. वडील अशाच एका कारखान्यात होते, मी शाळेत असताना गेले. मायने लग्नानंतर कारखान्यात बॉबिन भरल्या, डोळे थकल्यावर घरीच साड्यांना टिकल्या लावायला लागली. दादा, माझा थोरला भाऊ, माय त्याला 'मोठा' म्हणायची, बमरोलीच्या एका प्रोसेस मिलमध्ये स्टेंटरवर होता. रंगवलेलं ओलं कापड गरम हवेत ताणून सुकवणारं ते लांबलचक मशीन. त्याच्यापाशी पाळी काढून आलेल्या माणसाचा शर्ट पिळला तर पाणी निघेल. त्यात दादाला मुळातच घाम फार.

बेस त्याचाच. आमच्या वस्तीतल्या ऑर्केस्ट्रात एक म्हातारे वादक होते, ते कायमचे गावी निघाले तेव्हा दादाने त्यांच्याकडून घेतला. लालसर रंगाचा, जड, आणि जिथे वाजवणाऱ्याचा हात टेकतो तिथला रंग उडून लाकूड उघडं पडलेलं. जयंतीच्या कार्यक्रमांत दादाने तो वर्षानुवर्षं वाजवला, नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रातही जायचा. मग कीबोर्डवाले डाव्या हाताने बेसचं काम उरकायला लागले आणि मालकांना कळलं की एक माणूस कमी केला तरी चालतं. नाचणाऱ्यांना काही फरक पडला नाही. दादा रविवारी घरी वाजवायला लागला, कारण रविवारी लूम बंद असतात.

मी मार्केटात एका कापडाच्या दुकानात पार्सलं बांधतो. जोडीला जुने बेस घेतो आणि विकतो. यात फार अक्कल लागते असं नाही. सुरतेत नवरात्र संपली की ज्यांना पुढच्या वर्षी कुणी बोलावणार नाही ते बेस विकायला काढतात, आणि पुढच्या नवरात्राआधी नवी पोरं हौसेनं शोधायला लागतात. मधल्या महिन्यांत तो बेस आमच्या घरी पलंगाखाली राहतो. मी तो पुसतो, खुंट्यांना तेल घालतो, मान वाकली असेल तर सरळ करतो आणि तारा उकळतो.

तारा उकळणं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण बेसवाल्यांत ही जुनी युक्ती आहे. नव्या तारा महाग पडतात. बेसच्या तारेवर बारीक तारेचं वेटाळं असतं, त्याच्या फटींत वाजवणाऱ्याचा घाम, कातडी, बोटांचा मळ जाऊन बसतो आणि आवाज दबत जातो. तारा काढायच्या, धुण्याचा सोडा घालून पाण्यात खळखळ उकळायच्या, पुसून उन्हात टाकायच्या. पाणी चहासारखं होतं आणि तारा पुन्हा खणखणतात. गिऱ्हाईक दोन सूर छेडून म्हणतं, "भाई, अवाज तो नवा जेवो छे." मी म्हणतो, मागच्या मालकाचा मळ काढलाय. हा माझा नेहमीचा विनोद होता.

यासाठी मायने मला ॲल्युमिनियमचं एक जुनं पातेलं काढून दिलं होतं. सुरुवातीला ती नाक मुरडायची, लोकांच्या हाताची घाण माझ्या गॅसवर कशाला म्हणायची. पण रिकामं बसणं तिच्या स्वभावात नाही. बघता बघता ती खुंट्या सैल करायला शिकली, तारा उतरवायला शिकली, आणि परत चढवताना तर माझ्यापेक्षा नेटके वेढे घालायला लागली. आयुष्यभर बॉबिनवर सूत गुंडाळलेला हात होता तो. गिऱ्हाईक यायचं असलं की मी कामावर आणि ती घरी तारा उकळतेय, असंही व्हायचं.

दादाच्या तारांना मात्र हात लावायचा नाही. मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं, तर म्हणाला, "नवी तार किरकिर करस. मनी राहू दे." माझी आहे तशीच असू दे. त्याच्या तारा काळ्या पडल्या होत्या, बोट फिरवलं तर किंचित चिकट लागायच्या. आवाज आखूड, गोल, भरलेल्या गोणीवर तळहात मारल्यासारखा. वर दादाची सवय अशी की ठोका केसभर उशिरा टाकायचा. ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला त्यावरून त्याला चिडवायचा, पण दादा नसला की त्यालाच चुकल्यासारखं व्हायचं. गरब्याच्या ऑर्केस्ट्राचा एक मालक, वराछाकडचा, खास त्या आवाजासाठी तो बेस मागायला घरी आला होता. दादाने त्याला चहा पाजून परत पाठवला.

दादा उन्हाळ्यात गेला. दुपारच्या पाळीत छातीत दुखतंय म्हणाला, बाजूला कापडाच्या ट्रॉलीला टेकून बसला, आणि उठलाच नाही. मी पोचलो तेव्हा सरकारी दवाखान्यात त्याच्या अंगावर मिलचीच एक चादर होती. शर्ट अजून ओला होता. त्याबद्दल मला याहून जास्त लिहायचं नाही.

नंतर घरात त्याचे कपडे होते, डबा होता, चपला होत्या, भिंतीवर फोटो होता. हे सगळं गप्प होतं. बेस गप्प नव्हता. रविवारी लूम थांबले की मी तो मांडीवर घ्यायचो आणि खालच्या जाड तारेवर एक सूर मारायचो. घरात दादा आल्यासारखं वाटायचं. माझ्या हाताने, माझ्याच बोटांनी, पण आवाज त्याचा. मी फार वाजवायचो नाही. आधी साबणाने हात धुवायचो, कोरडे करायचो, थोडा वेळ वाजवून कापडाने तारा हलकेच टिपून ठेवून द्यायचो. माझा घाम त्यात जाऊ नये इतकंच. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, मायलाही नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही, आणि थोडी लाजही वाटायची. वराछावाला पुन्हा येऊन गेला, मी नाही म्हणालो. त्याने कारण विचारलं, मी ओशाळून 'घरची वस्तू आहे' एवढंच म्हणालो.

वर्ष भरलं. मायने दादाच्या पुण्यानुमोदनासाठी घर धुऊन काढलं. पडदे, चादरी, फोटोची काच, दादाचा स्टीलचा डबा, सगळं. मी सकाळी खुर्च्या सांगायला आणि भंतेजींना बोलावणं करायला गेलो. दोन तासांत परत आलो तर फोटोशेजारी दादाचा बेस उभा. लाकूड तेल लावून चकचकीत केलेलं, आणि तारा चांदीसारख्या.

मला क्षणभर वाटलं तिने नव्या आणून लावल्या.

"तार्‍या?" मी विचारलं.

"सोडा टाकीसन उकाळ्यात," ती म्हणाली. आनंदात होती. "गंज मळ निंघना. मोठानी कधी धुयात नहीत."

"पानी कथं फेकं?"

"मोरीमा."

मी मोरीपाशी गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. मोरी कोरडी होती, जाळीवर एक केस अडकला होता. मी परत येऊन एक सूर मारला. खण्ण करून वाजला आणि कितीतरी वेळ वाजत राहिला. दुकानातल्या कुठल्याही नव्या बेसचा वाजेल तसा. मग मी ओरडलो. आमच्या घरात मोठ्याने बोलतात हे मी सांगितलंच, पण त्या दिवशी लूम बंद होते, त्यामुळे गल्लीत ऐकू गेलं असणार. विचारायचं नाही का, हात कशाला लावला, कुणी सांगितलं होतं, असं बरंच काही बोललो.

ती ऐकून घेत होती. टोमणा मारायचा म्हणून नाही, खरंच न समजून म्हणाली, "पन तूच तं सगळास्न्या उकाळस."

खरंच होतं. इतक्या वर्षांत मी कितीतरी माणसं त्या मोरीत ओतली होती आणि वर विनोद केला होता.

"माय, तेम्हा दादाना घाम व्हता," मी म्हणालो. "तोच वाजे."

तिने बेसकडे पाहिलं. मग ओट्यावर उपडं घातलेल्या पातेल्याकडे. ती ते उचलून आत बघत होती तेवढ्यात खुर्च्यावाला आला, पाठोपाठ माणसं यायला लागली.

त्रिशरण, पंचशील झालं, भंतेजी अनित्यावर बोलले, जेवणं झाली. दादाच्या ऑर्केस्ट्रातले दोघे-तिघे आले होते, त्यांनी आग्रह केला म्हणून मी एक गाणं वाजवलं. बेस वरच्या पट्टीतल्या वाद्यासारखा खणखणत होता. लोक म्हणाले, वा, काय स्वच्छ वाजतो. फक्त ढोलकीवाल्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. माय समोर बसली होती. गाणं संपल्यावर तिने हळूच विचारलं, "बरोबर वाजस ना?" मी हो म्हणालो. चार माणसांत दुसरं काय म्हणणार.

काही दिवसांनी वराछावाला तिसऱ्यांदा आला. या वेळी मी त्याच्या हातात बेस दिला. विकून टाकावा असंच मनात होतं, डोळ्यांसमोर नको. त्याने चार सूर वाजवले, अ‍ॅम्पचं बटण थोडं खाली केलं, पुन्हा वाजवले. "हवे तो बीजा जेवो ज छे," म्हणाला. आता हा इतरांसारखाच आहे. बेस भिंतीला टेकवून, चहा न घेता गेला. त्याच्यावर रागावण्याचं कारण नव्हतं, तरी मला दिवसभर त्याचा राग येत राहिला.

पुढच्या वेळी मी एक बेस घेऊन आलो आणि मायकडे पातेलं मागितलं. तिने मला डाळीचं दिलं. नेहमीचं जुनं का नाही, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "ते नको." नंतर मी फळीवर चढून पाहिलं. तांदळाच्या डब्यामागे ते ठेवलेलं होतं. आत, पाणी जिथवर चढलं होतं तिथे एक काळपट वळ होता. माझी माय भांडं घासताना स्वतःची बोटं सोलून घेते, पण त्या पातेल्याला तिने राख लावली नव्हती, घासणीही लावली नव्हती. मी ते होतं तसं ठेवलं. तारा मी अजूनही उकळतो, धंदा आहे, पण मोरीत पाणी ओतताना हात थांबतो.

दादाचा बेस राहिला. मी तो रागाने वाजवायला लागलो. हात धुणं सोडून दिलं. कामावरून आलो तसा घामट हाताने घ्यायचो, लूमच्या आवाजात स्वतःलाही ऐकू येत नसलं तरी वाजवायचो. जपायला काही उरलंच नव्हतं. उन्हाळा गेला, नवरात्र झाली, पुन्हा उन्हाळा आला. तारांची चमक जाऊन त्या आधी पिवळट, मग काळपट झाल्या. आवाज हळूहळू बसत गेला. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

एका रविवारी लूम बंद होते. मी दादा वाजवायचा ती एक संथ चाल वाजवत होतो. मुद्दाम नाही, पण ठोका मीही हल्ली जरा उशिराच टाकतो. माय आतल्या खोलीत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"मोठा, जेवी ले रे," तिने आतून हाक मारली.

माझी बोटं जागच्या जागी राहिली. ती ताट घेऊन दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बेसकडे, मग परत माझ्याकडे.

"तू शे का," म्हणाली.

मी हो म्हणालो. तिने ताट माझ्यापुढे ठेवलं. आत जाईल असं वाटलं, पण गेली नाही. बाहेरच्या दाराशी जाऊन उंबऱ्यावर बसली. तोंड गल्लीकडे, पाठ माझ्याकडे.

"थांबू नको," ती म्हणाली. "वाजाड."

मी वाजवायला लागलो. त्या तारांत आता माझा घाम आहे हे तिला माहीत होतं, आधीचं पाणी तिनेच ओतलं होतं. माझ्याकडे तोंड करून बसली असती तर तिला धाकटा दिसला असता. पाठ केली की मोठा वाजवत होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मीही तिचाच मुलगा आहे. पण ताटातली भाकरी गार होईपर्यंत मी वाजवत राहिलो, आणि तिने वळून पाहिलं नाही.