सनस्क्रीनचं झाकण

मृणाल, निहार, आज जे लिहिते आहे ते मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. एरवी त्यांच्यापासून माझ्या पोटात काही राहत नसे. हे राहिलं. ते गेले, तरी राहिलं.

निहार, तुला यातलं काहीच आठवत नसणार. तू पाच वर्षांचा होतास. मृणाल, तुला सगळं ठाऊक आहे. मग तुला पुन्हा कशाला सांगायचं? कारण तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, आणि तरी इतकी वर्षं आपण दोघी फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारतो आहोत.

कुठून सुरुवात करू? समोर आहे तिथूनच करते. माझ्या आरशापुढे कंगवा, पावडर, टिकल्यांचं पाकीट आणि त्यांच्या शेजारी मृणालने मेलबर्नहून पाठवलेलं सनस्क्रीन. जिथली वस्तू तिथेच लागते मला, तुम्ही दोघं त्यावरून हसता. माझ्या गालांवर काळे डाग आले तेव्हा डॉक्टरांनी सनस्क्रीन लावा म्हणून सांगितलं, आणि मी ते सहज मृणालच्या कानावर घातलं. झालं, व्हिडिओ कॉलवर शिकवणीच सुरू. एसपीएफचा आकडा निदान तीसच्या वरचा घे, ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलंय ना ते बघ, दोन बोटांवर भरेल एवढं तरी काढ, कंजूषपणा करू नकोस. कान, मान विसरायची नाही. घाम आला, बाहेर राहिलीस, तर दोन तासांनी परत.

मी म्हटलं, "अगं, मला म्हातारीला कशाला? आणि काळ्या कातडीला —" पुढचं वाक्य माझ्याच्याने पुरं झालं नाही.

मृणाल, तू अगदी शांतपणे म्हणालीस, "आजी, आपल्या रंगालाही लागतं."

आपल्या. खरंच आहे ते. मृणाल, तुझा रंग माझा आहे. तुझ्या बाबाने माझा घेतला नाही, तो आजोबांवर गेला, निहारही तसाच. तू मात्र थेट माझ्यावर आलीस. लग्नानंतर सासरी मला किती टोमणे ऐकावे लागले ते इथे लिहीत बसत नाही. लिहिलं तर ती सबब वाटेल. उलट, ते सगळं सोसलेल्या बाईने तरी — नाही, हेही नको. गोराईचंच सांगते.

त्या मे महिन्यात तुम्ही बोरिवलीला आला होता. कल्याणीला — तुमच्या आईला — माहेरच्या कामासाठी दिवसभर ठाण्याला जायचं होतं, म्हणून मी तुम्हाला गोराईच्या किनाऱ्यावर न्यायचं ठरवलं. बरोबर आमच्या मजल्यावरच्या नाईककाकू. निघताना कल्याणीने ट्यूब माझ्या हातात दिली. "आई, दोघांनाही लावा हं. भरपूर. आणि पाण्यातून बाहेर आली की परत." मेलबर्नला शाळेत मुलांना टोपी आणि सनस्क्रीनशिवाय मैदानात सोडत नाहीत, हे तिने मला आधी ऐकवलं होतं. मला तो तिकडचा बाऊ वाटे. आम्ही काय उन्हात वाढलो नाही?

बोट खाडीच्या मध्यावर आली तेव्हा मी पिशवीतून ट्यूब काढली. निहार, आधी तुला लावलं. नाक, गाल, पोटऱ्या, पायांची बोटंसुद्धा. तू नुसता वळवळत होतास. नाईककाकू म्हणाल्या, "जपा हो, तुमचा हापूस काळा पडेल!"

मग मृणाल पुढे आली. नऊ वर्षांची. आणि मी — मी हसत हसत म्हटलं, "तुला काय करायचंय गं? तू तर आधीच भाजून आलीयेस."

नाईककाकू खळखळून हसल्या. समोरच्या बाकावरच्या दोघी-तिघीही हसल्या. मृणालही हसली. ते हसू मला ओळखीचं होतं. तसं मी स्वतः पुष्कळ वेळा हसले आहे.

ट्यूब काही संपत आली नव्हती. आणि मला वाचता येत नव्हतं असंही नाही. ट्यूबवरचं बारीक अक्षरातलं इंग्रजी मी काकूंना रुबाबात वाचून दाखवलं होतं. वर हेही सांगितलं की सावळ्या त्वचेला निसर्गानेच संरक्षण दिलेलं असतं, मी मासिकात वाचलंय. थोडंफार असतंही म्हणे. पण ते पुरतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. मला तो नकोच होता. शिक्षणाचा असाही उपयोग होतो, बघा — मनातली घाण इंग्रजीत सांगता येते.

दिवसभर तुम्ही पाण्यात होता. मृणालच्या अंगावर लाली दिसली नाही, म्हणून मी निर्धास्त. संध्याकाळी घरी तिची वेणी घालताना मानेला हात लागला तर कातडी तव्यासारखी तापलेली. ती कळवळली. मी म्हटलं, "नाटकं नकोत." सकाळी खांद्यांवर फोड होते आणि अंगात ताप.

कल्याणी घाबरली. "आई, हिला लावलं होतं ना तुम्ही?"

अजून एक संधी होती. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मी लावत होते गं. हीच नको म्हणाली. हट्टी आहे."

मृणाल पलंगावर पालथी पडली होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगणार. ती म्हणाली, "हो. मीच नको म्हटलं."

का म्हणालीस? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. पोरगी तापाने फणफणलेली, तरी कल्याणी तिला ओरडली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं.

त्या दिवसापासून आपल्या घरात मृणाल हट्टी. ड्रॉइंगचा क्लास सोडला — हट्टी. आईने सांगितलेला कोर्स घेतला नाही — हट्टी, लहानपणापासूनच. गोराईचं विसरलात का? ती गोष्ट दर वेळी कुणीतरी काढायचं. एकदा तर मीच काढली, आजोबांसमोर, नकला करून.

गेल्या महिन्यात मृणालचा साखरपुडा मी इथून व्हिडिओवर पाहिला. कल्याणी व्याह्यांना कौतुकाने सांगत होती, "सांभाळा हं, भारी हट्टी आहे आमची. नऊ वर्षांची असताना आजीच्या हातचं सनस्क्रीन लावून घेतलं नाही, फोड आले तरी गप्प!" सगळे हसले. मृणालही हसली, बोटीवर हसली होती तशीच. मग तिची नजर कॅमेऱ्याकडे वळली. मृणाल, तू माझ्याकडे पाहिलंस का, मला कळलं नाही. मी मात्र हात हलवला. हसले.

म्हणजे आता माझा खोटेपणा तिच्याबरोबर सासरी चाललाय.

म्हणून हे तुमच्या आईबाबांनाही पाठवते आहे. निहार, तूही नीट वाच, म्हणजे पुढे कुणी ती गोष्ट काढली तर तुला खरी सांगता येईल.

मृणाल नको म्हणाली नव्हती. तुला लावून होईपर्यंत ती शहाण्यासारखी आपला नंबर येण्याची वाट बघत उभी होती. फ्रॉकच्या बाह्या तिने खांद्यापर्यंत वर सरकवल्या होत्या आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले होते. ते हात पाहून मी ट्यूबचं झाकण लावलं.