थोंगदामने नळी फुंकली नाही
थायलंडातल्या आमच्या यसोथोनकडच्या गावात थोंगदाम म्हणजे एक नंबरचा पिणारा. दोन बाकांच्या गाडीतून बाजाराला माणसं न्यायची, आणि गाडी लावली की भाताची दारू. बायकोची, पिकुनची, मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या व्रताच्या पहिल्या दिवशी त्याने विहारात भंतेंसमोर शब्द दिला: ती जगावी म्हणून थेंबही घेणार नाही. भंतेंनी मनगटावर पांढरा दोरा बांधला. मी त्याची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, मी सांगते, त्याने खरंच घेतली नाही.

पुढच्याच महिन्यात नाक्यावर पोलिसाने गाडी अडवली. मी मागच्या बाकावर पपया घेऊन बसले होते.

"काका, नळीत फुंका."

थोंगदामने दोरा दाखवला. "वर्षावासाचा आहे. हा बांधल्यावर कोण पितं?"

"मशीनला दोरा कळत नाही. फुंका."

"भंतेंना दिलेला शब्द तुझ्या नळीने तपासायचा? नाही फुंकत, जा!"

"नाही म्हणालात तर कायद्याने तुम्ही प्यायलेलेच. कळतंय ना?"

"फुंक रे मेल्या, एका श्वासाचं काम!" मी मागून ओरडले. पण गाढव हाताची घडी घालून उभा. उभ्या जन्मात पहिल्यांदा इमान राखलं, आणि तेच मिरवत बसला.

कोर्टात त्याचा नकारच पुरावा ठरला. परवाना गेला, गाडी अंगणात गंजू लागली. पिकुनला रक्त शुद्ध करायला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला कधी माझा भाचा मिळायचा, कधी कुणीच नाही. गाव म्हणायचं, "कुत्र्याचं शेपूट वाकडंच. दोरा बांधून ढोसली!" मी भांडून भांडून थकले.

पिकुनलाही तेच वाटायचं, की याने शब्द मोडला म्हणून आपण खंगतोय. "नाही घेतली गं," तो म्हणे, आणि ती भिंतीकडे तोंड फिरवी. ते बघून माझा जीव तुटायचा.

शेवटच्या दुपारी तिने त्याचा हात धरला. "आता तरी खोटं बोलू नका. घेतली होती ना? एकदा कबूल करा. मी माफ करते, म्हणजे मला सुखाने जाता येईल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून.

"घेतली होती," तो म्हणाला. "थोडीच."

तिने त्याचा हात थोपटला आणि डोळे मिटले. उशाशी बसलेल्या बायकांनी ते ऐकलं. आता मी त्याची बाजू घेतली की गाव हसतं, "अगं, त्याने स्वतःच सांगितलं की!"