मागच्या सीटचा गारवा

गाड्यांचे एसी दुरुस्त करणारे आमचे मिस्त्री कधीच पुढे बसत नाहीत. भर मे महिन्यात मालकाला गाडी चालवायला लावतात आणि स्वतः मागे डोळे मिटून बसतात. म्हणतात, "पुढचा तं सुखीच आहे. मागच्याले कोन विचारते?"

आमच्या गाडीत मागच्यांसाठी वेगळा एसी आहे. पण त्याचा वारा येईना. दोन गॅरेजवाल्यांनी हात टेकले होते. मिस्त्रींनी जाळी उघडून आतून वाळ्याची जुडी ओढून काढली. कूलरसारखा वास यावा म्हणून आईनेच ती कोंबली होती! ते हसले नाहीत. आईला मागे बसवून शेजारी बसले आणि मला गाडी काढायला लावली.

सीताबर्डीचा बाजार येईतो आई मला म्हणाली, "बाबू, हुडहुडी भरून राहिली. कमी कर गा."

"काकू, मागचं बटन तुमच्याच हाती आहे," मिस्त्री म्हणाले.

आईने पदर लपेटून घेतला आणि गारवा आणखी वाढवला.