पाच वाजताचे गुर्दे

कासार आंबोलीच्या गोजराबाईंना वाचता येत नव्हतं, पण बकरं आतून-बाहेरून तोंडपाठ होतं. त्यामुळे त्यांची भाडेकरू क्षितिजा हिने भिंतीवर डकवलेला तक्ता त्यांना एका नजरेत कळला. किंवा कळला असं वाटलं.

मोठं गोल घड्याळ आणि प्रत्येक दोन तासांच्या घरात एकेका अवयवाचं चित्र.

"काय गं हे?"

"चिनी लोकांचं शरीराचं घड्याळ, मावशी. ह्याप्रमाणे वागलं की तब्येत सुधारते."

एवढं बोलून ती हिंजवडीच्या बसमागे पळाली. साल दोन हजार आठ. पोरगी मूळची अमरावतीची, कॉम्प्युटरवरची. सकाळी उपाशी जायची, जेवायची कधीही, मग पित्ताच्या जळजळीनं छातीवर हात धरून बसायची. वडिलांनी फोनवर बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर नोकरी सोडून घरी यायचं." तेव्हापासून घोर गोजराबाईंनाच लागला होता. मुलगा भोसरीला, सणापुरता येणारा. संध्याकाळच्या चहाला समोर बसायला हीच एक.

रविवारी त्या पौडला भिवाजीच्या मटणाच्या दुकानात गेल्या.

"निस्तं गुर्दं दे. आन् उद्या सकाळी सातसाठी वजडी ठेव, पोटाची पिशवी."

"मटान न्हाई? कोण आजारी हाय का?"

"चिनी औषिद हाय. तुला न्हाई कळायचं."

"चिन्यांना माझं दुकान कुणी सांगितलं?" भिवाजी म्हणाला आणि त्यानं सुरी उचलली.

संध्याकाळी बरोबर पाचला गोजराबाईंनी ताटली क्षितिजापुढे ठेवली. लाल रस्सा, वर तरंगणारे गुर्दे.

"मावशी, हे काय?"

"पाच ते सात. भिंतीवर काढलंय की."

क्षितिजानं एकदा ताटलीकडे, एकदा तक्त्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटली. "आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही हो! हे खायचं नाही. आपल्या आत कोणता अवयव कधी जोरात चालतो, ते लिहिलंय."

"म्हंजे बकऱ्याचं न्हाई? आपलंच?"

"आपलंच. सातला जठर, तेव्हा पोटभर न्याहारी. रात्री नऊनंतर विसावा."

गोजराबाई खाली बसल्या. "हे सांगाया चीन कशाला लागतंय? मी जल्मभर हेच करतीया." मग ताटली स्वतःकडे ओढली. "आन् हे वाया घालवायचं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला खिडकीवर उलथनं वाजू लागलं. "तुझं जठर उठलंय. तू कवा उठणार?" गरम भाकरी, वर लोणी, ताट रिकामं झाल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. रात्री नऊला त्या खोलीचा मेन स्विच पाडत.

"मावशी, काम राहिलंय!"

"सायबाला सांग, चीनमधनं लाईट गेली."

आठवडाभर क्षितिजा फणफणली. मग हळूहळू तिचा हात छातीवरून खाली आला.

दिवाळीनंतर वडील आले, सामान न्यायला रिकामी बॅग घेऊनच. सकाळचे सात वाजलेले. लेक चुलीपाशी बसून जेवत होती.

"दोन भाकरी खाल्ल्या हिनं?" ते बघतच राहिले.

"तिसरी घेती रोज. तुमच्यापुढं लाजली."

ते एकटेच परत निघाले, तेव्हा त्या बॅगेत गोजराबाईंनी इंद्रायणी तांदूळ भरून दिला.

"मावशी, आता तक्ता काढू का? घड्याळ तुम्हीच आहात की."

"ऱ्हाऊ दे," गोजराबाई म्हणाल्या. "रविवारी पाचला बरं पडतं. भिवाजी गुर्दं बाजूला काढून ठिवतुया."